जुईची शपथ

२०१९ साल. बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या एका शाळेत नातवाची मुलाखत उरकून आम्ही निकालासाठी थांबलो होतो. प्रयोगांतून शिकवणारी ही शाळा पहिलीला वीसच मुलं घ्यायची. शेजारी बसलेल्या जोडप्याची मुलगी, जुई, आत होती.

"अहो, पाय हलवू नका ना."

"तू दाराकडे बघणं थांबव, स्वप्नाली. जुईला बजावलंस ना?"

"विचारतील तेवढंच बोल, उलट प्रश्न करायचे नाहीत. माझी शपथ घातलीय, मोडलीस तर माझं पोट दुखेल."

"बरं केलंस. परवा गाडीत माझ्या साहेबांना विचारलंन, तुमच्या पोटात हवा कुठून भरतात?"

"म्हणून तर शपथ!"

दार उघडलं. बाई जुईला घेऊन आल्या.

"मुलगी हुशार आहे. पण आम्ही समोर इतक्या वस्तू ठेवल्या, हिने एकही प्रश्न विचारला नाही. आम्हाला चौकस मुलं हवीत."

"मॅडम, एक मिनिट! जुई, शपथ सुटली."

"नक्की सुटली? तुला काही होणार नाही?"

"नाही गं. खलास. विचार."

"मग आई, मी शपथ मोडली असती, तर ते तुझ्या पोटाला कसं कळलं असतं?"

बाई हसल्या आणि तिला परत आत घेऊन गेल्या.

जुई आता त्याच शाळेत सातवीत आहे. तिचे बाबा अजून सखीरला साहेबांची गाडी चालवतात. साहेब रोज पोहायला जातात. स्वप्नाली कधीमधी भेटते.

माझा नातू दुसऱ्या शाळेत गेला. त्याला शपथ मी घातली होती.