दोन धारांच्या मधलं हैदराबाद

दीड तासाच्या प्रवासाला चार वर्षं लावणारा माणूस मी पाहिलाय, आमचे सोनईचे दादाकाका. लेक लग्न होऊन हैदराबादला गेली, पण काका एकदाही तिच्याकडे गेले नाहीत. कारण काय, तर म्हैस. चंद्री काकांशिवाय कुणालाच धार काढू देत नाही.

शेवटी मी मोबाईलवर दाखवलं, शिर्डीहून विमानानं पाचशे किलोमीटर, दीड तास.

काका म्हणाले, "घोडेगावच्या बाजारातनं चंद्रीला चालवत आनली, तवा तीन तास लागले हुते. सांजच्या धारेला माघारी येता येतंय का, तेवढं बघ."

येत होतं. पहाटे धार काढून निघालो, दुपारी लेकीकडे जेवलो आणि विमानतळावर परतलो, तर विमान तीन तास उशिरा. धारेची वेळ झाली तसे काका येरझाऱ्या घालायला लागले. मग त्यांनी काकूला फोन लावला.

"फोन स्पीकरवर टाक, गव्हाणीत ठिव आन् तू धारेला बस."

आणि भर विमानतळावर मोठ्यानं, "चंद्रे, मी हाय गं. गप उभी ऱ्हा, बाय." शेजारचा टायवाला लॅपटॉप मिटून ऐकत बसला.

थोड्या वेळानं काकूचा आवाज आला, "अवो, सोडला की पान्हा. चरवी भरली."

काकांनी फोन खिशात ठेवला, पिशवी उचलली आणि मला विचारलं, "इथनं बाहेर कुनीकडनं जायचं? रातच्याला लेकीकडंच जेवू."