माळ्यावरचं जुनं जाळं

(पालघर. परवानाधारक बंदुकांचं दुकान. दुपार. काउंटरच्या अलीकडे हेमाली, पलीकडे विश्रामशेठ.)

विश्राम : एअरगन हवी असेल तर दाखवतो, मॅडम. केळवे-माकुणसारचे वाडीवाले माकडं भिवडवायला तीच नेतात. तुम्ही विचारताय ती चीज माझ्याकडे नाही. कुठल्याच दुकानात मिळत नाही.

हेमाली : मला विकत घ्यायची नाही. फक्त माहिती हवी आहे. स्वयंचलित बंदूक घरात ठेवायची तर परवाना कोण देतं?

विश्राम : कुणाच्या घरात?

हेमाली : समजा, कुणाच्याही.

विश्राम : ‘समजा’ म्हणणारे दोनच. एक वकील, नाहीतर साध्या वेषातले पोलीस. तुम्ही कोण?

हेमाली : बोईसरला कॉलेजात ग्रंथपाल आहे.

विश्राम : मग कायद्याचं पुस्तक तुमच्याच कपाटात असेल.

हेमाली : आहे. वाचलं. त्यात खर्च किती येतो ते लिहिलेलं नाही.

विश्राम : वर कॅमेरा आहे, दिसला ना? आवाजसुद्धा टिपतो. त्याला नीट ऐकू जाईल असं सांगतो. साधी बंदूक हवी तर अर्ज करा. पोलीस चौकशी करतात. डॉक्टरचा दाखला, चालवायला शिकल्याचा दाखला, घरात कुलपाची जागा आहे अशी हमी. आणि बंदूक का हवी ते सांगा. कारण पटलं नाही तर बाकीचे कागद घरी घेऊन जा. फी फार नसते, चपला झिजतात. पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत.

हेमाली : आणि स्वयंचलित?

विश्राम : घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, तीच ना? ती निषिद्ध. तुम्हाआम्हाला परवानाच नाही. अर्ज नाही तर फी कसली?

हेमाली : आणि तरीही सापडली तर शिक्षा किती?

विश्राम : काय म्हणालात?

हेमाली : शिक्षा किती.

विश्राम : सातच्या खाली नाही. चौदा वर्षांपर्यंत जाते. खर्च विचारत होता ना, तो हा. पण थांबा. परवाना, खर्च, शिक्षा. तुम्हाला कुणी पाठवलं?

हेमाली : याच क्रमानं आधी कुणी विचारलं होतं का?

विश्राम : नाही.

हेमाली : हे बघा. बर्फाच्या कारखान्याची पावती आहे, तिची पाठ. ‘परवाना कोन देतो. खर्च किती. शिक्षा किती.’ खाली तुमचं नाव. अक्षर माझ्या बाबांचं. वामन तांडेल, सातपाटी.

विश्राम : या नावाचा कुणी आलेला नाही. रोज वीस माणसं येतात, पण हा नाही.

हेमाली : मी आल्यापासून तर एकही आलं नाही. ती खुंटीवरची पिशवी कुणाची?

विश्राम : कुठली?

हेमाली : जाळ्याच्या दोऱ्याची. नारिंगी, तळाला निळी.

विश्राम : बाजारातून आणली असेल कुणीतरी.

हेमाली : ती बाजारात मिळत नाही. बाबांचं डावं मधलं बोट दोर ओढायच्या यंत्रात गेलं होतं. तेव्हापासून त्यांची गाठ उलटी पडायची. कुणी काही काम करून दिलं की त्याला एक पिशवी विणून द्यायचे, आत सुके बोंबील घालून.

विश्राम : बोंबील मी खात नाही. शेजारच्या सोनाराला दिले.

हेमाली : म्हणजे आले होते.

विश्राम : हळू बोला. बसा आधी. कमाल आहे वामनची! लेकीला यात ओढायचं नाही असं आमचं ठरलं होतं. त्याला सांगा, स्वतः ये.

हेमाली : बाबा गेले. चार दिवसांपूर्वी बारावं झालं. बोटीत बर्फ भरत होते, छातीत कळ आली.

विश्राम : अरे.

हेमाली : तुम्हाला कळवायला हवं होतं, पण तुम्ही त्यांचे कोण ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. तुम्ही त्यांना काय विकलंत?

विश्राम : पोरी, शब्द सांभाळ.

हेमाली : दिवाळीनंतर दुसऱ्या बंदरच्या बोटीनं आमची जाळी कापली. भावाच्या डोक्याला नऊ टाके पडले. सगळं गाव बोलत होतं, बाबा एक अक्षर बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, शांत स्वभाव. आणि परवा माळ्यावर, जुन्या जाळ्यात गुंडाळलेली... माझा बाप कुणाला मारायला निघाला होता का, एवढं सांगा. बाकी काही विचारत नाही.

विश्राम : फोन वाजतोय तुझा.

हेमाली : भावाचा आहे. हॅलो, प्रफुल्ल?

प्रफुल्ल : ताय, कवा येतेस? आय मगासपास्नं इचारते हाय.

हेमाली : संध्याकाळी येते.

प्रफुल्ल : माल्यावरचा जुना जाला मी खाली काढतो. यंदाची जाली ठेवाला जागा नाय.

हेमाली : त्याला हात लावू नकोस.

प्रफुल्ल : का? त्याच्यात काय सोना हाय?

हेमाली : बाबांचं आहे. मी आल्यावर काढू.

प्रफुल्ल : तू हायस कुटं? कालेजात फोन लावला, ते बोलले रजेवर हाय.

हेमाली : पालघरला. बाबांच्या कागदांचं काम आहे.

प्रफुल्ल : कसले कागद? मृत्यूचा दाखला तं मीच आनला.

हेमाली : प्रफुल्ल, माळ्यावर चढू नकोस. आईची शपथ आहे.

प्रफुल्ल : बरा, नाय चढत. पन तू कायतरी लपवतेस, ताय. बाबाबी असाच करायचा.

विश्राम : भावाला ठाऊक नाही?

हेमाली : नऊ टाके त्याच्या डोक्याला आहेत. त्याला कळलं तर ती माळ्यावर राहायची नाही.

विश्राम : मग ऐक. कॅमेऱ्याची काळजी करू नकोस, त्याला कान नाहीत. ते मी गिऱ्हाइकांना वचक बसावा म्हणून सांगतो. बंदूक मी विकली नाही आणि तुझ्या बापानं घेतलीही नाही. माघात जाळ्यात आली. जाळं वर ओढलं तर मासळीत लोखंड. नीट बघितलीस का तू? शिंपले चिकटलेत तिला.

हेमाली : मला वाटलं, सिमेंट लागलंय.

विश्राम : सिमेंट! ती आता उडायची नाही. पण लोखंड गंजलं तरी कायदा गंजत नाही.

हेमाली : मग तेव्हाच पोलिसांत का नाही दिली?

विश्राम : मीही हेच विचारलं. म्हणाला, ‘शेट, तीन वर्सांमागं जाल्यात मानसाचा मुडदा आला. परत समुद्रात सोडला नाय, बंदराला आनला. तं चौकशीत बोट एकवीस दिस बांधून ठेवली. ऐन धंद्याच्या टायमाला. बोटीवर नऊ घरां हायत आमची.’

हेमाली : ते खरं आहे. त्या महिन्यात आई पाण्याला जायची तीसुद्धा अंधारात. बायका विचारायच्या, तुझ्या घोवाला कुणी सांगितलं होतं पुण्य करायला?

विश्राम : म्हणून तो खर्च विचारत होता. मला आधी कळेच ना. सत्तरीचा माणूस, स्वयंचलित बंदुकीची फी विचारतोय. मी म्हटलं, बाबा, कुणाचा खून पाडतोस? तर म्हणतो, बोटीला नंबर असतो, लायसन असतं. फी भरली, नंबर रंगवला की कुणी अडवत नाय. तशी हिची पन फी भरतो, माज्या नावावं करून घेतो. मंग निवडणुकीला लोक ठेवतात तशी ठाण्यात जमा करतो, आनि परत आनायला जातच नाय.

हेमाली : जमा करता यावी म्हणून परवाना?

विश्राम : हो. देऊन टाकायची म्हणून आधी आपली करायची. नोंद असली की कुठून आली कोण विचारतंय, असं त्याचं डोकं. चाळीस वर्षं या खुर्चीत बसतोय. बंदूक सोडायला परवाना मागणारा हा पहिला. हसतेस की रडतेस?

हेमाली : माहीत नाही. पुढे सांगा.

विश्राम : पुढे काय, समजावलं. असा परवाना नसतो, सापडली तशी लिहून दे. अर्जसुद्धा मीच लिहिला. त्यानं सही केली नाही. ‘पावसाची मासेमारीबंदी लागली की येतो,’ एवढंच धरून बसला. मी चिडलो. म्हटलं, घरातला एकेक दिवस गुन्हा आहे. मला माहीत असून मी गप्प, म्हणजे माझाही. दुकानाचा परवाना जाईल. तर पुढच्या खेपेला ही पिशवी घेऊन आला. आज तू दारात उभी राहून ‘स्वयंचलित’ म्हणालीस, तेव्हा वाटलं, झालं, आलेच.

हेमाली : म्हणून ओळख दाखवली नाहीत.

विश्राम : आणि तुला वाटलं मी विकली.

हेमाली : अजून थोडं वाटतंय. अर्ज दाखवा.

विश्राम : बापावर गेलीस. हा घे, वाच.

हेमाली : ‘...तारापूरची चिमणी घिवलीच्या माडांच्या डाव्या अंगाला दिसते आणि पाण्याचा रंग बदलतो, त्या जागी माझ्या जाळ्यात...’ हे तुम्ही लिहिलंत?

विश्राम : तो बोलला, मी उतरवलं. मी म्हटलं, असं कोणी लिहीत नाही, नकाशातली जागा सांग. म्हणाला, जागा हीच हाय.

हेमाली : हो. बाबा असंच सांगायचे. घरात चष्मा कुठे ठेवलाय तेसुद्धा.

विश्राम : विश्वास बसला?

हेमाली : पेन द्या.

विश्राम : थांब. या अर्जावर तुझी सही चालायची नाही. नवा लिहू, ‘वडिलांच्या पश्चात सामानात सापडली’. हा जुना त्याला जोडू. आणि ती उचलून रिक्षात घालून आणू नकोस. आधी ठाण्यात अर्ज, मग ते येऊन नेतील. मी येतो बरोबर. मला गप्प का राहिलास विचारतील, तर सांगेन.

हेमाली : तुमचं दुकान?

विश्राम : बघू. तू तुझं बघ. भाऊ भडकेल. गाव पुन्हा बोलेल. आणि ते बोट बांधतील, तेव्हा एकवीस दिवस होते, आता महिनाही धरतील. नऊ घरं आहेत, पोरी. आईला तरी विचार.

हेमाली : बांधू देत.

विश्राम : रागात बोलू नकोस.

हेमाली : रागात नाही, शेठ. बंदी लागली. बोट कालच वर ओढली.