थोडासा धूर परत द्या

काका : सगळा नको हो. थोडासाच. जेवायच्या वेळेपुरता.

मिस्त्री : काका, धूर बंद करा म्हणणारे रोज येतात. परत द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच.

काका : ट्रॅक्टर तुम्हीच दुरुस्त केलात, मग कुणाकडे जाऊ?

मिस्त्री : अहो, एअर फिल्टरमधून ओंजळभर माती निघाली. डिझेल फवारणारे नोझल नवे घातले. आता धुराच्या नळीपाशी पांढरा रुमाल धरला तरी पांढराच राहतो. आणि काकूंचा खोकला थांबावा म्हणून तुम्हीच तर गुपचूप घेऊन आला होतात.

काका : तो गुपचूपपणाच नडला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला माझा धूर दिसायचा. धूर कुंपणाशी आला की ती ताटं मांडायची. काल दुरुस्तीचं न सांगता शेतात गेलो, आणि धूरच नाही.

मिस्त्री : आवाज तर येत असेल?

काका : तिला कमी ऐकू येतं. एवढी वर्षं त्या धुडाजवळ काढून मला तरी कुठं येतंय? तिला वाटलं, म्हातारा ट्रॅक्टरसकट उलटला. हातातली पळी तशीच घेऊन धावत सुटली. मागे शेजारी दोरखंड घेऊन, त्याची बायको पाण्याची कळशी घेऊन आणि सगळ्यांत पुढे त्यांचं कुत्रं. मी आपला गाणं म्हणत नांगरतोय. ही वरात बघून ट्रॅक्टर थांबवला. उतरून विचारलं, कोण गेलं?

मिस्त्री : मग?

काका : ती म्हणाली, तुम्ही.

मिस्त्री : (हसू दाबत, हातातला पाना खाली ठेवतो) आणि तुम्ही?

काका : मग सांगावंच लागलं सगळं. तुझा खोकला ऐकवत नाही, म्हणून धूर बंद करून घेतला म्हटलं. तेही शेजाऱ्यांसमोर. शेजारी दोरखंड गुंडाळत घाईघाईनं निघून गेला. शेजारीणबाईंनी कळशीतलं पाणी कुत्र्याला पाजलं आणि त्याही गेल्या.

मिस्त्री : काकू चिडल्या असतील.

काका : मला तेच वाटलं. पण तिनं घाम पुसला, पळी कमरेला खोचली आणि चाकावरच्या पत्र्यावर चढून बसली. त्या काळ्या धुरापायी ट्रॅक्टरजवळ कधी फिरकली नव्हती बघा.

मिस्त्री : मग धूर परत कशाला हवाय?

काका : उद्या परत घाबरली म्हणजे?

मिस्त्री : काठीला लाल फडकं बांधून ट्रॅक्टरला लावा. धूर काही मी देणार नाही.

काका : फडकं चालेल.

मिस्त्री : तरी बरं, घर जवळ आहे. पाच मिनिटांत पोचला असाल.

काका : पाऊण तास लागला. लांबच्या रस्त्यानं घ्या म्हणाली.