वरची लाइन, खालची लाइन

मी, खाली सही करणारा, वय ३४, धंदा दुकाने व कार्यालयांत इंटरनेटची जोडणी व दुरुस्ती, राहणार मोठ्या भावाच्या घराचा तळमजला. पोलीस ठाण्यात माझा मी आलो आहे. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरच्या मजल्यावर दादा व वहिनी राहतात. खाली मी व माझी थोरली बहीण असे दोघे. तिला मी ताई म्हणतो. ताई गेल्या वर्षी नवऱ्याचे घर सोडून आली. का आली ते तिने सांगितले नाही, आणि तिचा डावा हात पाहिल्यावर आम्ही विचारलेही नाही. ती घरी बसून एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचे काम करते.

दादाची इंटरनेटची लाइन वेगळी, माझी वेगळी. माझी लाइन रोज मान टाकायची, आणि कॉल मध्येच तुटला की ताईला वरिष्ठांची बोलणी खावी लागायची. म्हणून मी दोन्ही लाइन एका राउटरला जोडल्या. राउटर दादाच्या टीव्हीमागे ठेवला. दादा त्याला माझी डबी म्हणतो. तेव्हापासून दोन्ही मजल्यांवरून बाहेर जाणारा सगळा ट्रॅफिक दोन्ही लाइनवर वाटला जातो. एक जोडणी या लाइनने गेली तर पुढची त्या लाइनने, ते राउटर ठरवतो. घराला दोन दारे असावीत आणि कोणी कुठून बाहेर पडायचे ते दारांनीच ठरवावे, तसे. रस्त्यावरच्याला फक्त दार दिसते. हे मी स्वतः केले आहे व तेव्हा मोठा तीर मारल्यासारखा खूश होतो. ताईचे कॉल तुटायचे थांबले.

मंगळवारी दुपारी ताईच्या नवऱ्याला जिवे मारण्याची धमकी देणारा मेल गेला. तो दादाच्या लाइनवरून गेल्याचे निघाले. बुधवारी सकाळी पोलीस घरी आले तेव्हा मी कामावर होतो. वहिनी सांगतात की दादाने काही वाद घातला नाही. "लाइन माझ्या नावावर आहे ना? मग मलाच न्या. खाली कोणाला त्रास देऊ नका," एवढे बोलून त्याने शर्ट बदलला. त्याच्या मोबाइलमधले सगळे पुसलेले आहे, असे आता साहेबांकडून कळते. दादा एक फोटो पुसायचा तरी मला वर हाक मारतो. त्याने हे कसे व का केले, मला सांगता येत नाही.

काल वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, वायरी तुम्ही ओढल्यात. जाऊन सांगा त्यांना." म्हणून सांगतो की, मेल वरच्या लाइनने गेला म्हणजे वरच्या मजल्यावरून गेला असे होत नाही. तो खालूनही गेलेला असू शकतो. कुठल्या मोबाइलची जोडणी कुठल्या लाइनने गेली हे राउटरला ठाऊक होते, पण तो चालू असेपर्यंतच. जप्त करताना त्याची वायर काढली गेली. यात हवालदारांची चूक नाही, वस्तू चालू ठेवून पिशवीत घालता येत नाही. पण गेले ते गेले. मी पोटापाण्यासाठी हेच काम करतो, तरी मलाही ते परत आणता येत नाही. मला काही सुचेनासे झाले आहे, हेही लिहून घ्यावे.

साहेबांनी विचारले की मग मेल कोणी पाठवला. मी म्हणालो, "मी पाठवला असं लिहा." त्यावर मी मंगळवारी दुपारी कुठे होतो हे विचारण्यात आले. मी एका दातांच्या दवाखान्यात शिडीवर होतो. साहेबांनी तिथे फोन लावून खात्री केली व माझे म्हणणे कबुली म्हणून धरले नाही.

वहिनी त्या वेळी नोकरीवर होत्या. दादा सुट्टी काढून वर झोपला होता, असे तो म्हणतो. खाली कोण होते, असे पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, खाली ताई होती. एकटी होती. मेलबद्दल ती माझ्याशी काही बोललेली नाही व मी तिला विचारलेले नाही. मी दादाला सोडवायला आलो होतो. आता यातून दादा सुटेल का, ते साहेब सांगत नाहीत.

हा जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना दार उघडे होते. मी आत बोलत असताना ताई दादाच्या गोळ्या घेऊन आली होती व दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.