शिरस्तेदारांच्या पेटीतला थंडावा

मंडळी, बसा. पुढं या, पुढं या! मागं भिंतीला टेकून बसणाऱ्यांना अध्यात्म लवकर कळतं, डोळे मिटूनच कळतं. पण आज जरा जागं राहा, कारण आज तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे.

'पूर्वीचं ते अस्सल होतं, आताच्यात काही राम नाही.' हे वाक्य ज्यानं उभ्या आयुष्यात एकदाही उच्चारलं नाही, त्यानं हात वर करावा.

कुणी नाही? तबलजींचा हात वर दिसला, पण ते मान खाजवत होते.

तर प्रश्न असा — ते अस्सलपण त्या वस्तूत असतं, की आपण ती वस्तू जिथं जपून ठेवली, तिथलं असतं? उत्तरासाठी मी तुम्हाला हिमालयात नेणार नाही. चिरुटाकडे नेणार आहे.

झालं! विश्वस्तांच्या कपाळाला आठी पडली. 'बुवा, देवळात चिरूट?' अहो, ओढा असं मी म्हणत नाही. डॉक्टर ओढू नका म्हणतात, आणि डॉक्टरांचं म्हणणं देवळाच्या आतही लागू आहे. पण गोष्टच चिरुटाची आहे, त्याला मी काय करू? तिळाच्या लाडवांची असती तर लाडवांची सांगितली असती, आणि तुम्ही प्रसादाची वाट बघत बसला असता.

ऐका तर!

तिकडे दक्षिणेला, तंबाखूच्या मुलखात, कुरणवाडी नावाचं गाव. गावात तेरदाळ्यांचा चिरुटाचा कारखाना. थोरले मल्लाप्पाशेठ मोठा हौशी माणूस. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी एक खास चिरूट काढला — 'रौप्य' चिरूट! एकाच वर्षीचं निवडक पान, मोजक्याच सागवानी पेट्या, प्रत्येक चिरुटाला चंदेरी कागदाची पट्टी. आणि जाहीर करून टाकलं की हा पुन्हा वळायचा नाही. आता माणसाचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. पुन्हा मिळणार नाही म्हटलं की ज्याला ठसका लागतो तोसुद्धा रांगेत उभा राहतो!

त्यातली एक पेटी मिळाली श्रीनिवासराव हुपरीकरांना. हे कोर्टात शिरस्तेदार. साहेबांपुढं कागद ठेवणारे, पण असे ठेवणारे, की साहेबालाच वाटावं आपण यांच्यापुढं उभे आहोत. गाव त्यांना रावसाहेब म्हणे. समारंभाच्या संध्याकाळी मल्लाप्पाशेठनी कारखान्याच्या अंगणात आपल्या हातानं त्यांना पहिला चिरूट शिलगावून दिला. बाकीची पेटी रावसाहेबांनी घरी नेली आणि दर दसऱ्याला, सोनं वाटून झालं की, ओट्यावर बसून त्यातला एक ओढायचा, असा नेम केला.

वर्षं गेली. बाकीच्यांच्या पेट्या संपल्या. मल्लाप्पाशेठ गेले. आणि रावसाहेब झाले रौप्य चिरुटाचे शेवटचे जाणकार! दसऱ्याला ओट्यावर चार माणसं जमत, रावसाहेब एक झुरका घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "वर तंबाखू. पण खाली एक थंडावा आहे. गाभाऱ्यात शिरल्यावर लागतो, तसा. आता असा होणे नाही."

माणसं माना डोलवत. कुणाला काय कळत होतं देव जाणे. पण गाभारा म्हटल्यावर मान डोलवावीच लागते, तुम्हीसुद्धा आत्ता डोलवलीत.

इकडे कारखान्याची पन्नाशी आली. मल्लाप्पांचा मुलगा सिद्धाप्पा, गावाचा सिद्धू, कारखाना चालवत होता. चालवत होता म्हणजे ढकलत होता. चिरूट ओढणारी पिढी सरत आली होती, वळणाऱ्या बायकांना आठवड्यातून निम्मे दिवस काम. सिद्धूनं ठरवलं, रौप्य पुन्हा काढायचा. तेच बियाणं शोधलं, तेच शेत, पान मुरवायची तीच रीत. मुंबईचे वखारवाले करमसीशेठ म्हणाले, "माल मी उचलतो. पण तुमच्या गावात ते जाणकार आहेत ना? ते जुना नि नवा एक आहे म्हणाले पाहिजेत."

म्हणजे बघा! पान शेताचं, कष्ट बायकांचे, कारखाना सिद्धूचा, आणि सगळ्यांची गाठ रावसाहेबांच्या नाकाशी!

सिद्धू नमुना घेऊन ओट्यावर यायचा. रावसाहेब झुरका घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि सिद्धू त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा.

"चांगला आहे," रावसाहेब म्हणत. "पण तो थंडावा नाही."

सिद्धू परत. पान वाळ्याच्या पाण्यानं शिंपडलं. थंडावा नाही. वेलदोड्याच्या सालीत मुरवलं. नाही. पुदिन्यात ठेवलं, तर त्या पानाला बुरशी आली, जाळून टाकावं लागलं. दर वेळी बायकांनी हात घासून धुवायचे, वळायचे पाट धुवायचे, नव्यानं वळायचं. सिद्धूची झोप उडाली. आणि रावसाहेबांना? खोटं कशाला बोलू, रावसाहेबांना बरं वाटत होतं. नाही म्हणण्यात एक गोडी असते, मंडळी. घरातल्या थोरल्यांना विचारा.

शेवटी सिद्धू म्हणाला, "रावसाहेब, आता साधाच वळलाय, वडलांच्या रीतीनं. काही घातलं नाही. पन्नाशीच्या समारंभाला सगळ्यांसमोर जुना आणि नवा ओढून बघा, आणि काय ते सांगा." करमसीशेठही यायचे होते. रावसाहेब होय म्हणाले तर हंगामभर काम. नाही म्हणाले तर कारखान्याला कुलूप.

समारंभाच्या दिवशी सकाळी रावसाहेबांनी पेटी खाली काढली. कुठून काढली? इथं नीट ऐका! पेटी होती देवघराच्या कपाटात. नातवंडं हात लावणार नाहीत असं घरात तेवढं एकच ठिकाण. आत दोन चिरूट उरले होते. ते उचलताना तळाचा कागद सरकला, आणि खाली दिसली एक पुरचुंडी. पांढऱ्या फडक्याची.

रावसाहेबांनी ती नाकाशी नेली.

गाभारा!

"अहो, इकडे या." नाही, चुकलो. रावसाहेब 'अगं' म्हणाले, पण आवाज 'अहो'चा लागला होता. मथुराकाकू पदराला हात पुसत आल्या.

"हे काय आहे?"

"कापूर."

"तो मला कळतोय. पेटीत कसा?"

"मी ठेवलाय," काकू म्हणाल्या. "तुम्ही पेटी आणलीत त्या आठवड्यातच. देवाच्या वस्त्रांना तंबाखूचा वास लागायला लागला, मग काय करायचं? दर दिवाळीला बदलते."

"मला बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही दसऱ्याला बाहेर बसून गाभारा गाभारा म्हणत होता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मंडळी, रावसाहेब खाली बसले. पाटावर बसायचं होतं, पाटाच्या शेजारी बसले. इतकी वर्षं ज्या सुगंधावर त्यांनी व्याख्यानं दिली, तो मल्लाप्पाशेठच्या चिरुटाचा नव्हताच. तो आपल्याच बायकोच्या पुरचुंडीचा! आणि तो मिळेना म्हणून सिद्धूनं पुदिना घातला, वाळा घातला, पान जाळलं.

आता काय? खरं सांगावं, तर जाणकारपण संपलं. गप्प राहावं, तर कारखाना संपला. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

मग सुरू झाले उपाय. पहिला उपाय — ऊन! गच्चीवर काकूंचे पापड वाळत होते, त्यांच्या शेजारी रावसाहेबांनी दोन्ही चिरूट ठेवले. कापूर उडून जाईल, मग दोन्ही सारखे लागतील! काकू काठी घेऊन कावळे हाकत होत्या. त्या म्हणाल्या, "पापडांना वास लागेल. उचला." रावसाहेबांनी उचलले, हुंगले. गाभारा जसाच्या तसा. हा मुरलेला कापूर, एका दुपारच्या उन्हाला थोडाच दाद देतो!

दुसरा उपाय मग आपोआप सुचला. वाईट उपाय आपोआपच सुचतो, चांगल्याला डोकं चालवावं लागतं. जुन्याचा वास जात नाही ना? मग नव्याला लावू! पुरचुंडी कोटाच्या खिशात टाकली. ओढायच्या आधी नवा चिरूट हातात येईल, तेव्हा बोटांनी जरा कापूर चोळायचा. दोन्ही सारखे. कारखाना वाचला, अब्रूही वाचली. कुणाचं नुकसान नाही! बघा, कसं चोख बसलं. नुसता एक हात खिशात घालायचा होता.

तो हात घरापासून कारखान्यापर्यंत खिशातच होता. वाटेत लोक नमस्कार करत, रावसाहेब डाव्या हातानं नमस्कार करत. लोकांना वाटलं, उजव्याला काही झालंय.

अंगणात मांडव. करमसीशेठ खुर्चीवर. सिद्धूच्या तोंडाला कोरड, तो येणाऱ्या प्रत्येकाला दोनदा पाणी विचारत होता. एका बाजूला वळणाऱ्या बायका, नवी लुगडी नेसून, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. सिद्धूनं तबकात नवा चिरूट आणून ठेवला, रावसाहेबांनी जुना ठेवला, आणि सिद्धू करमसीशेठना बोलवायला वळला. तबकापाशी रावसाहेब एकटे. हीच वेळ! बोटं पुरचुंडीच्या गाठीशी गेली.

तेवढ्यात शेजारी कुणी येऊन उभं राहिलं. चंद्राक्का. वळणाऱ्या बायकांतली सगळ्यात थोरली.

"रावसाहेब, एक इचारू का?" ती हळू म्हणाली. "आमच्याच हातात काय खोट हाय का हो? रोज हात घासतोय, पाट घासतोय. थोरल्या शेठच्या येळंलाबी मीच वळल्यात. मग त्यो थंडावा आता कसा येत न्हाई? माझंच काय तरी चुकत आसंल, तर इथं सगळ्यांम्होरं सांगू नका. मला आत्ताच सांगा. मी बाजूला हुते. बाकीच्यांचं काम ऱ्हाऊ दे."

मंडळी, तुमच्या खिशात हात असता तर तुम्ही काय केलं असतं?

रावसाहेबांचा हात बाहेर आला. रिकामा. त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण करमसीशेठ येऊन बसले होते. सिद्धूनं उपरण्यानं रावसाहेबांचे डोळे बांधले, चंदेरी पट्ट्या काढल्या, आणि कुठला कुठला हे फक्त त्याला आणि करमसीशेठना माहीत.

पहिला चिरूट. झुरका. कापूर! आपलं घर, आपलं कपाट, आपली बायको. ओळखायला काय लागतं?

दुसरा चिरूट. झुरका.

रावसाहेब थांबले. दाट, गोडसर, ओल्या मातीवर गूळ सांडावा तसा धूर. थंडावा बिंडावा काही नाही. आणि एकदम त्यांना पंचवीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. हेच अंगण, मल्लाप्पाशेठनी पुढं धरलेली काडी, तो पहिला झुरका. तेव्हा पेटी अजून घरी गेलीच नव्हती! अहो, हाच की तो! दर दसऱ्याला ज्याच्या नावानं बोललो, तो हा, आणि याला मी महिनोन् महिने दारातून परत पाठवतोय!

"बोला रावसाहेब," करमसीशेठ म्हणाले. "मल्लाप्पाशेठचा रौप्य कुठला?"

"दुसरा," रावसाहेब म्हणाले.

करमसीशेठनी सिद्धूकडे पाहिलं. मग करमसीशेठ हसायला लागले. त्यांनी सांगितलं तशी पुढची रांग हसली, मग मागची. दुसरा तर नवा होता! एवढा जाणकार, आणि नव्याला जुना म्हणून बसला! याहून मोठी पावती कुठली? करमसीशेठनी तिथल्या तिथं सिद्धूच्या हातात हात दिला. सिद्धू रडत होता. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या.

रावसाहेबांनी डोळ्यांवरचं उपरणं ओढून काढलं. "थांबा," ते म्हणाले. "मी चुकलो नाही. दुसराच अस्सल आहे. पहिल्यात कापूर आहे, आमच्या घरचा." आणि पुराव्यादाखल त्यांनी खिशातून पुरचुंडी काढून दाखवली.

मंडळी, जन्मात पहिल्यांदा हा माणूस चारचौघांत आपल्या नाकाविरुद्ध खरं बोलला, आणि काय झालं? हशा दुप्पट! "रावसाहेब निमित्त खिशात घालूनच आले होते!" कुणीतरी ओरडलं, "नशीब, उदबत्ती आणली नाही!" शिरस्तेदार मुद्देमाल दाखवताहेत, आणि गाव हसून लोळतंय. कोर्टात असा प्रसंग आला नव्हता.

एकटी चंद्राक्का हसली नाही. ती पुढं आली, पुरचुंडी हातात घेऊन नाकाशी धरली. बराच वेळ धरली. वाळा, वेलदोडा, पुदिना, सगळं तिच्या बोटांतून गेलं होतं. तिनं पुरचुंडी रावसाहेबांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं आपल्या हातानं मिटली.

"म्हंजी माझं हात चांगलं हाईत," ती म्हणाली.

"चांगले आहेत," रावसाहेब म्हणाले. "पहिल्यापासून."

हेच उत्तर तिला द्यायचं राहिलं होतं. ते दिलं, आणि रावसाहेब हशातून वाट काढत घरी निघाले. गाव त्यांना पुढं कापूरराव म्हणू लागलं. दसऱ्याला ओट्यावर कुणी जमेना.

घरी काकूंनी विचारलं, काय झालं? रावसाहेबांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, हात पुढं केला आणि म्हणाल्या, "मग ती पुरचुंडी द्या इकडे. उगाच पेटीत पडली होती. आरतीला लागेल."

संपली गोष्ट.

आता तुमच्याकडे वळतो, पळायची वाट नाही, दारात चपला एकात एक अडकल्या आहेत. सूनबाईंची आमटी 'आईच्या हातची लागत नाही' म्हणून तुम्ही वाटी सरकवता. ती बिचारी चिंच बदलते, गूळ बदलते, रात्रंदिवस घोर लावून घेते, की माझ्याच हातात खोट आहे का? आणि तुम्ही ज्या चवीला आईची म्हणता, ती तुमच्या लहानपणच्या भुकेची नसेल कशावरून? आधीचे बुवा काय गात होते, म्हणता. म्हणा! मी ऐकतो, घाबरतो, आवाज तपासून घेतो. पण घरी गेल्यावर एकदा आपल्या पेटीच्या तळाचा कागद सरकवा. आणि पुरचुंडी सापडली, तर ज्याला इतके दिवस परत पाठवलंत, त्याला आधी जाऊन सांगा, की तुझे हात चांगले आहेत. लोक हसतील. हसू द्यावं.

चला, उठा, आरती करू. निरांजन लावा. कापूर कुणी आणलाय? खिशात ठेवू नका, पुढं करा.