मोकळ्या खेळाडूंची यादी

कोकिळा : नऊ जणांत नववे आहात, सर. आणि तुमच्या अकरातले दोघं दुखापतीने घरी बसलेत.

हिंमतराव : बसू दे. घर बसेल माणूस काय टाकी देवाना ऱ्हास का?

कोकिळा : टाकायचा नाही, सोडायचा. दोन्हींत फरक आहे.

(म्हसावद. निवृत्त क्रीडाशिक्षक हिंमतराव यांचा ओटा, सकाळची वेळ. कोकिळा ही त्यांची तीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, मुलींच्या हॉकी संघातली सेंटर फॉरवर्ड. आता नंदुरबारला शिक्षिका आहे, पहिल्या बसने आली आहे. दोघांच्या मध्ये सरांचा मोबाईल, त्यावर हॉकी लीगवरच्या खेळाचा तक्ता.)

हिंमतराव : एवढासाठे नंदुरबारथीन उनी? फोनवर सांगी देती ना.

कोकिळा : फोनवर तीनदा सांगितलं. तीनदा तुम्ही 'हां हां' म्हणालात. आज चार वाजता सामना सुरू झाला की संघाला कुलूप लागतं. त्यानंतर दोनच आठवडे उरतात. आणि शेवटचा येईल तो पुढच्या वर्षी आपल्या खेळातून बाहेर, हा नियम रोहिणीने करून ठेवलाय. तेव्हा तिला वाटलं होतं तीच शेवटची येईल आणि आपोआप सुटेल. सुरतेला तिची रात्रपाळी असते, सामने बघायला वेळ कुठला.

हिंमतराव : म्हनजे मन्ह्या शाळान्या पोरी मालेच काढतीन.

कोकिळा : म्हणून तर आले. एक आठवतं का? मैदानावर अहिराणी बोललं की तुम्ही आम्हाला एक फेरी पळायला लावायचात.

हिंमतराव : तवय पगार लेत व्हतू. आते मन्ही भाषा मन्ही.

कोकिळा : बरं, ऐका. हॉकी लीग सुरू व्हायच्या आधी आपण नऊ जणांनी, म्हणजे तुम्ही आणि आम्ही संघातल्या आठ जुन्या मुलींनी, आळीपाळीने एकेक नाव घेत अकरा-अकरा खेळाडू निवडले. एकाचा खेळाडू दुसऱ्याकडे नाही. खरोखरच्या सामन्यात त्याने गोल केला की गुण आपल्याला.

हिंमतराव : एवढं कळनं.

कोकिळा : ज्यांना कोणीच घेतलं नाही ते मोकळे. त्यांची ही यादी. यातला कोणी घ्यायचा तर आपला एक सोडायचा, कारण बाराव्याला जागा नाही. आणि आपण सोडलेला लगेच कोणाच्या हाती लागत नाही. दोन दिवस थांबतो. ज्याला हवा त्याने त्या दोन दिवसांत मागणी टाकायची.

हिंमतराव : दोन जणीस्नी मांगा तर?

कोकिळा : तक्त्यात जो सगळ्यांत खाली, त्याचा हक्क पहिला. म्हणजे तुमचा. तो एकदा वापरला की तुम्ही रांगेत शेवटी जाता. आणि कोणीच मागितला नाही, तर तिसऱ्या दिवसापासून जो आधी पोचेल त्याचा.

हिंमतराव : हाई बरं शे. हारेलना नंबर पहिला.

कोकिळा : आता बघा. शुक्रवारी दुपारी रोहिणीने कंटाळून हा फॉरवर्ड सोडला आणि काल त्याने दोन गोल केले. डोक्याला हात लावून बसलीय. मयूरीने त्याला मागितलंय. पण आज बाराला त्याचे दोन दिवस भरतात, त्याच्या आत तुम्ही मागितलात तर तुमचाच. फक्त कोणाला सोडायचं ते सांगा. हा तुमचा भाग्येश सोडा. गुडघा गेलाय त्याचा, या हंगामात उतरायचा नाही.

हिंमतराव : एकोणीस वरीसना शे तो. पहिलाच हंगाम.

कोकिळा : सर, त्याला कळणारसुद्धा नाही. तो कुठे, आपण कुठे.

हिंमतराव : त्याले नही कळाव. माले ते कळस ना.

कोकिळा : तुम्ही भाग्येशबद्दलच बोलताय ना?

हिंमतराव : सतरा पोरी व्हत्यात, कोकिळा. आनि नाशिकले सोळाच लई जावाना व्हत्यात.

कोकिळा : शहाण्णव साल.

हिंमतराव : तू टायफाइडमाईन उठेल. शहादानी ती उंच पोर नवी उनी व्हती. तुन्हा दम पुरत नही व्हता. मी बरोबर करं का चुकनू, आजबी समजत नही.

कोकिळा : बरोबर केलंत. अर्धं मैदान पळाले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण यायची. तुमच्या जागी मी असते तर मीही मलाच वगळलं असतं.

हिंमतराव : मंग शाळा काबरं सोडी?

कोकिळा : मला मागणी आली म्हणून. तुम्हाला हे कोणी सांगितलंच नाही?

हिंमतराव : मी कोनलेच इचारं नही.

कोकिळा : खांडबाऱ्याच्या शाळेत रंजनाबाई खेळ शिकवायच्या. त्या दोन बस बदलून आमच्याकडे आल्या. आई पपईच्या वावरात होती. बाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, तुमची पोर म्हसावदने सोडली म्हणे, मला द्या. आई म्हणाली, अजून तिला धड जिना चढवत नाही. बाई म्हणाल्या, आत्ता नकोच, दिवाळीनंतर पाहिजे. खांडबाऱ्याला निर्मलामावशी होतीच, तिच्याकडे राहिले. रेल्वेच्या कडेला मैदान होतं. गाडी आली की आम्ही खेळ थांबवून हात करायचो.

हिंमतराव : आनि पुढला वरीसले तू मन्हाच संघवर गोल मारा.

कोकिळा : एकच. तोही तुम्ही शिकवलेला, उलट्या स्टिकचा. बाईंना तो येत नव्हता. सर, आपण कॉर्कच्या चेंडूला चुना फासायचो. तो उसात गेला की सगळ्या जणी आत शिरायच्या, पातींनी हात चरचरायचे आणि तुम्ही काठावर उभे राहून शिट्ट्या मारायचात. संध्याकाळी कुठे उसाला पाणी सोडलेलं असलं आणि तो वास आला, की मला अजून वाटतं चेंडू सापडायचा राहिलाय.

हिंमतराव : सामना सरना आनि मी तुले न भेटताच गाडीमा जाई बसनू.

कोकिळा : मी बघत होते. रंजनाबाई म्हणाल्या, जा, सरांच्या पाया पड. मीही आले नाही. दोघं सारखेच.

हिंमतराव : आन तो मोबाईल इकडे.

कोकिळा : आधी नव्याची मागणी. आता विचारेल कोणाला सोडता. नाव तुम्हीच दाबा, मी नाही दाबणार.

हिंमतराव : भाग्येश. हाई व्हयनं. त्याले कोनी लेई का?

कोकिळा : या वर्षी अवघड आहे. पुढच्या वर्षी गुडघा बरा झाला तर मीच घेते.

हिंमतराव : कोकिळा, एक गोठ सांगाले ऱ्हाई जायेल शे. ती नाशिकनी यादी मी शाळा सुटावर लाई. समद्या पोरी घर जातीन तवलोंग वर्गमा बसी ऱ्हायनू. तुन्हा समोर लावानी हिंमत नही व्हती.

कोकिळा : मी घरी गेलेच नव्हते, सर. पाण्याच्या टाकीमागे बसले होते.

हिंमतराव : तू देखं?

कोकिळा : यादी लावलीत. मग खिशातून पेन काढलंत आणि ते यादीच्या शेवटी टेकवून कितीतरी वेळ तसेच उभे राहिलात. तेवढं पाहिलं आणि घरी गेले.