घोड्यावरचा फोटो

वृंदा: ...आणि आई, हा पंजाबी ड्रेस कुणाचा आला तुमच्या बॅगेत? चंद्रप्रभाकाकूंचा?

अहिल्याबाई: चंद्रप्रभेचा एक दंडही मावायचा नाही त्यात. सुमित्राचा आहे.

वृंदा: अच्छा. मग धुऊन, इस्त्री करून ठेवते. परत द्यायला.

अहिल्याबाई: धू. परत द्यायचा नाहीये. मी घातला होता तो. अशी बघत राहू नकोस, बादली वाहतेय.

(वृंदा नळ बंद करते.)

वृंदा: तुम्ही घातलात?

अहिल्याबाई: हौस नव्हती. रात्रभर बसमध्ये बसून कटऱ्याला माझे गुडघे आखडले. वैष्णोदेवीची चढण समोर, मंडळाच्या बाकी सगळ्या बायका काठ्या घेऊन तयार. चंद्रप्रभा गळ्यात शिट्टी अडकवून मला म्हणते, अहिल्याबाई, तुम्ही धर्मशाळेतच बसा, तेवढंच आमच्या सामानाकडे लक्ष राहील.

वृंदा: चांगल्या मनाने म्हणाल्या असतील.

अहिल्याबाई: चांगल्या मनाने कुत्र्यालाही दारात बसवतात. मी म्हटलं, घोडा बोलवा. तर तो घोडेवाला माझ्या साडीकडे बघून म्हणाला, माताजी, एक तरफ बैठोगे तो खाई में जाओगे. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं असेल तर बसा, नाहीतर तो दुसरं गिऱ्हाईक बघणार.

वृंदा: नऊवारी असती तर चाललं असतं.

अहिल्याबाई: माझ्या सासूबाई बसल्या असत्या नऊवारीत. पण मला त्यांनीच सहावारी नेसायला लावली. दिल्लीत नोकरदाराच्या बायकोला नऊवारी शोभत नाही म्हणे. मी तरी कधी का म्हणून विचारलं?

वृंदा: मग सुमित्राताईंनी दिला?

अहिल्याबाई: तिने पिशवीतून काढून नुसता पुढे केला. बोलली काही नाही, म्हणून घेतला. बोलली असती तर घेतला नसता. धर्मशाळेच्या मोरीत जाऊन घातला. नाडी बांधता येईना मला. पाच पोरांच्या लग्नात ढीगभर सुना-लेकींना साड्या नेसवलेली बाई मी, आणि एक नाडी बांधता येईना.

वृंदा: आणि बाहेर आलात?

अहिल्याबाई: आले. वाटलं, आता सगळा डोंगर माझ्याकडे बघणार. कुणी बघितलं नाही गं. ज्याला त्याला आपल्या दमाची पडलेली. तेच जरा लागलं मला.

वृंदा: घोड्यावर भीती नाही वाटली?

अहिल्याबाई: वाटली तर काय, उतरून चंद्रप्रभेचं सामान राखू? पहिल्या वळणाला डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. मग बघते तर उजवा हात रिकामा. जन्मभर पदराला धरून राहिलेला हात, त्याचं करायचं काय तेच कळेना. शेवटी घोड्याच्या मानेवर ठेवला. उतरताना घोडा केला नाही. गुडघे सुटले होते, चालत आले. चंद्रप्रभा मागे राहिली.

वृंदा: इथे घरी आलात तेव्हा तर साडी होती.

अहिल्याबाई: पानिपतला बस चहाला थांबली, तिथे बदलली. या घरात असं काही घालून कसं यायचं? नियम माझाच.

वृंदा: हो. तुमचाच.

अहिल्याबाई: आता संध्याकाळी चंद्रप्रभा फोटो घेऊन येतेय. त्यात मी घोड्यावर आहे. श्रीरंग बघेल, आईला हसेल. आणि मग बायकोकडे, तुझ्याकडे बघेल.

वृंदा: मी चंद्रप्रभाकाकूंना फोन करते. तो एक फोटो बाजूला ठेवा म्हणून सांगते. कुणाला कळायचं नाही.

अहिल्याबाई: कशाला? बरी दिसतेय मी. तू लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतंस मला. बसच्या गर्दीत साडी जमत नाही, ऑफिसला ड्रेस घालू का म्हणून.

वृंदा: कस्तुरबा गांधी मार्गाच्या स्टॉपवर उतरताना पडले होते, म्हणून विचारलं. तुम्ही गुडघ्याला हळद लावलीत, आणि म्हणालात, निऱ्या घट्ट खोचत जा.

अहिल्याबाई: सैलच खोचतेस तू. अजूनही.

वृंदा: असेल.

अहिल्याबाई: फोटो बघून मग परवानगी दिली असं व्हायला नको. चंद्रप्रभेच्या तोंडाने माझ्या घरातला नियम मोडायचा नाही. तो नियम मीच काढून टाकलाय, आत्ताच. सोमवारपासून ऑफिसला काय घालायचं ते तुझं तू बघ.

वृंदा: आता राहू द्या आई. बारा वर्षं झाली. सवय झालीय मला साडीची.

अहिल्याबाई: सवय मलाही होती.